निकेलच्या भुकटीची किमया : पॉल साबातिए

तेलापासून घट्ट वनस्पती तूप बनविण्याची प्रक्रिया ज्या संशोधनावर उभी राहिली, त्याचे जनक पॉल साबातिए यांचा जन्म ५ नोव्हेंबर १८५४ रोजी दक्षिण फ्रान्समधील कार्कासोन येथे झाला. पॅरिसमध्ये विख्यात रसायनतज्ज्ञ बेर्तलो यांच्या हाताखाली काम करून त्यांनी १८८० मध्ये डॉक्टरेट मिळविली. १८८२ मध्ये ते अध्यापनासाठी तुलूझला आले आणि अखेरपर्यंत तेथेच राहिले.

साबातिए आणि त्यांचे सहकारी, पेशाने धर्मोपदेशक असलेले सेंदरेंस, यांनी १८९७ मध्ये निकेलच्या तापविलेल्या बारीक भुकटीवरून एथिलीन व हायड्रोजन वायू सोडले. एथिलीनचे एथेन झाले. निकेल मात्र खर्ची पडले नाही. पुढे याच मार्गाने बेंझिनपासून सायक्लोहेक्झेन मिळाले. हायड्रोजन जोडण्याची ही पद्धत द्रवरूप तेलांना लागू केली ती जर्मनीच्या विल्हेल्म नॉर्मान यांनी.

सच्छिद्र धातू वायूंना केवळ दाटीवाटीने एकत्र आणतो, असा त्या काळी समज होता. धातूच्या पृष्ठभागावर क्षणभर टिकणारे संयुग तयार होते, असे साबातिए यांनी मांडले. उत्प्रेरकाने रेणूला धरावे, पण सोडताही यावे, हा विचार आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

मॉयसां व बेर्तलो यांच्या निधनानंतर, १९०७ मध्ये, पॅरिसमधील मानाच्या जागा त्यांना देऊ करण्यात आल्या. त्यांनी त्या नाकारल्या. विज्ञान अकादमीचे सदस्यत्व पॅरिसच्या रहिवाशांनाच मिळत असे. त्यामुळे या नकाराची किंमत मोठी होती. १९१२ मध्ये व्हिक्टर ग्रिन्यार यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पुढच्याच वर्षी अकादमीने पॅरिसबाहेरील शास्त्रज्ञांसाठी नव्या जागा निर्माण केल्या आणि साबातिए तेथे निवडून आले. सेंदरेंस यांना मात्र नोबेलमध्ये वाटा मिळाला नाही, ही या यशाला लागलेली रुखरुख.

१४ ऑगस्ट १९४१ रोजी तुलूझ येथेच साबातिए यांचे निधन झाले. आज संशोधक दोन धातूंच्या संयोगातून नॅनोकण घडवितात आणि सेंद्रिय द्रावकांऐवजी पाण्यातच हायड्रोजनीकरण करू पाहतात. दुसऱ्या धातूमुळे पहिल्याची रेणूवरील पकड कमी-अधिक करता येते. त्यामुळे रेणूतील नेमक्या बंधालाच हायड्रोजन जोडता येतो व बाकीचे बंध शाबूत राहतात. विषारी द्रावकांचा वापर टाळू पाहणाऱ्या या प्रयत्नांच्या मुळाशी तुलूझच्या प्रयोगशाळेतील तोच विचार आहे.