कावसजी : कपाळाच्या त्वचेतून घडलेल्या नाकाची कथा

मानवी देहात नाक हा एक लहानसा अवयव. परंतु आपल्या भाषेने त्याला अब्रूचे स्थान दिले आहे. ज्याचे नाक गेले त्याची लाज गेली, असे आपले पूर्वज मानीत आले. म्हणूनच जुन्या काळी अनेक राजवटींत अपराध्याचे अथवा शत्रूच्या माणसाचे नाक कापण्याची शिक्षा होती. त्यात प्राण जात नसे. मात्र चारचौघांत तोंड दाखविणे कायमचे कठीण होऊन बसे. अशी शिक्षा भोगूनही ज्यांचा चेहरा पुढे साऱ्या जगाने पाहिला, त्या कावसजी यांचे हे अल्पचरित्र.

कावसजी हे शेतकरी जातीचे मराठे होते, अशी तत्कालीन नोंद आहे. इंग्रजांच्या लष्करात बैल हाकण्याची चाकरी ते करीत. ते दिवस इंग्रज, पेशवे व निजाम यांनी मिळून टिपू सुलतानाविरुद्ध चालविलेल्या युद्धाचे होते. तोफा व रसद ओढणारे बैल हाच तेव्हाच्या फौजेचा आधार असे. १७९१ साली बैल मोठ्या संख्येने मेल्यामुळे कॉर्नवॉलिसला आपल्या अवजड तोफा निकामी करून श्रीरंगपट्टणहून माघारी फिरावे लागले होते. यावरून कावसजींसारख्या साध्या माणसांच्या कामाचे मोल ध्यानी येते.

१७९२ च्या मोहिमेत कावसजी टिपूच्या सैन्याच्या हाती सापडले. त्यांचे नाक व एक हात कापण्यात आला. त्याच अवस्थेत ते श्रीरंगपट्टणजवळ मुंबईच्या फौजेला येऊन मिळाले. मार्च १७९२ मध्ये तह होऊन युद्ध संपले आणि कंपनी सरकारने कावसजींना निवृत्तिवेतन दिले. पोटाची सोय झाली, पण गेलेला चेहरा वेतनाने परत येणारा नव्हता. वर्षाहून अधिक काळ त्यांनी नाकाविना काढला.

त्यानंतर पुण्याजवळ एका कारागिराने त्यांना नवे नाक दिले. हा कारागीर विटा भाजणाऱ्या कुंभार समाजातील होता. मुंबई इलाख्यातील क्रूसो व फिंडले या दोन इंग्रज डॉक्टरांनी ही क्रिया प्रत्यक्ष पाहिली. तिचा क्रम असा होता.

प्रथम मेणाची पातळ पत्री घेऊन ती उरलेल्या नाकावर बसवीत व तिला सुबक नाकाचा आकार देत. मग ती पत्री सपाट करून कपाळावर ठेवीत व तिच्या कडेने रेघ आखीत. तेवढी त्वचा कापून सोडवीत. मात्र दोन्ही डोळ्यांच्या मधली एक अरुंद पट्टी अखंड ठेवीत. नाकाच्या जुन्या व्रणाची कड खरडून ताजी करीत आणि भोवती चीर देत. कपाळाची त्वचा अर्धा पीळ देऊन खाली आणीत व तिची कड त्या चिरेत बसवीत. पाण्यात भिजविलेला कात कापडाच्या पट्ट्यांवर लावून पाचसहा पट्ट्या एकावर एक ठेवीत. चार दिवस एवढाच लेप असे. पुढे तुपात भिजविलेली कापडे ठेवीत. पहिले पाचसहा दिवस रुग्णाला उताणे निजवीत. दहाव्या दिवशी नाकपुड्या मोकळ्या राहाव्यात म्हणून त्यांत मऊ कापडाचे बोळे घालीत. सुमारे पंचविसाव्या दिवशी ती पट्टी कापून नाकाला शेवटचा आकार देत.

या क्रियेचे सारे मर्म त्या अरुंद पट्टीत आहे. नवी त्वचा नव्या जागी रुजेपर्यंत जुन्या जागेचे रक्त तिला त्याच वाटेने मिळत राहते. ती वाट आधीच तोडली तर त्वचा मरते. म्हणून हातात कौशल्य असले, तरी त्या कारागिराला पंचवीस दिवस थांबावे लागे.

सुश्रुतसंहितेत गालाच्या त्वचेने नाक जोडण्याची कृती सांगितली आहे. तेथे माप घेण्यासाठी झाडाचे पान वापरावे असे आहे. पुण्याच्या कारागिराने पानाऐवजी मेण व गालाऐवजी कपाळ योजले होते. ही विद्या समाजातील कारागिरांच्या हाती जिवंत होती, हे यावरून स्पष्ट होते.

शस्त्रक्रियेनंतर दहा महिन्यांनी, जानेवारी १७९४ मध्ये, चित्रकार जेम्स वेल्स यांनी कावसजींचे चित्र काढले. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या जेंटलमन्स मॅगझीन या मासिकात ते चित्र व वरील वृत्तान्त प्रसिद्ध झाला. त्याने युरोपातील शल्यवैद्य चकित झाले. लंडनच्या जोसेफ कार्प्यू यांनी आधी मृतदेहांवर अभ्यास केला व २३ ऑक्टोबर १८१४ रोजी या पद्धतीने पहिली शस्त्रक्रिया केली. त्यांचा दुसरा रुग्ण लढाईत तलवारीने चेहरा कापला गेलेला अधिकारी होता. त्यांचा ग्रंथ १८१६ साली निघाला. युरोपात ही रीत भारतीय पद्धत या नावाने रूढ झाली.

आजही अपघाताने, भाजल्याने अथवा जनावराच्या चाव्याने नाक गमावलेल्या रुग्णाला प्लास्टिक सर्जन कपाळाच्या त्वचेचे नाक देतात. भूल, सूक्ष्म टाके व जंतुनाशके यांची त्यात भर पडली आहे. परंतु भुवईजवळचा त्वचेचा तो दुवा आजही बहुधा तीन आठवडे राखून मगच कापला जातो.

कावसजींचे नाव व मुद्रा इतिहासाने जपली. ज्याच्या हातांनी ते नाक घडले, त्या कुंभाराचे नाव मात्र त्या वृत्तान्तात कोणी लिहून ठेवले नाही. कावसजींचे स्मरण करताना त्या अनामिक हातांनाही वंदन करणे हे आपले कर्तव्य आहे. एकाने माणसाची अब्रू घ्यावी म्हणून शस्त्र चालविले आणि दुसऱ्याने ती परत द्यावी म्हणून. शस्त्र तेच, हेतू मात्र निराळा.