क्षणाचा प्रकाश टिपणारे शास्त्रज्ञ

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही दौंड जंक्शनवर कधी उभे राहिला आहात का? पुण्याहून आलेली गाडी येथून सोलापूरकडे निघते. भिगवण मागे पडते आणि पुढे जेऊर नावाचे लहानसे स्टेशन येते. १८९८ सालच्या जानेवारी महिन्यात या जेऊरजवळ मोठमोठी यंत्रे उभारलेली होती. अमेरिकेतील लिक वेधशाळेचे शास्त्रज्ञ तेथे आले होते. पुण्याचे एक प्राध्यापकही आपल्या सहकाऱ्यांसह आले होते. त्यांचे नाव कावसजी दादाभाई नायगमवाला.

कावसजींचा जन्म १८५७ साली एका पारशी घराण्यात झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात ते शिकले. १८७८ साली त्यांनी पदार्थविज्ञान व रसायनशास्त्र हे विषय घेऊन एम. ए. ची परीक्षा मोठ्या मानाने उत्तीर्ण केली. १८८२ साली ते त्याच कॉलेजात शिकवू लागले.

त्यांच्या आवडीचा विषय होता वर्णपट. वर्णपट म्हणजे काय, हे तुम्ही पाहिलेले आहे. शिरूरला घोड नदीच्या काठावर पाऊस थांबून ऊन पडले की आकाशात इंद्रधनुष्य दिसते. उर्दूत आपण त्याला धनक म्हणतो. काचेच्या लोलकातून प्रकाश गेला तरी तो असाच रंगारंगांत पसरतो. या रंगांच्या पट्ट्यात बारीक रेषा असतात. अंगठ्याच्या ठशावरून माणूस ओळखावा, तसा या रेषांवरून पदार्थ ओळखता येतो.

भावनगरच्या महाराजांनी या कामासाठी ५,००० रुपये दिले. सरकारनेही तेवढीच रक्कम दिली. पुण्याच्या सायन्स कॉलेजात १८८८ साली महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी राहिली. पुढे तेथील दुर्बिणीला २० इंच व्यासाचा आरसा बसवण्यात आला. तेव्हा एवढी मोठी दुर्बीण आपल्या देशात दुसरी नव्हती.

मृग नक्षत्रातील तेजोमेघाच्या वर्णपटाचा कावसजींनी अभ्यास केला. त्यातील मुख्य रेषेविषयी इंग्लंडचे नामवंत शास्त्रज्ञ लॉकियर यांचे एक मत होते. कावसजींना ते निरीक्षणाशी जुळत नाही असे दिसले. १८९१ साली त्यांनी आपला निष्कर्ष निर्भयपणे प्रसिद्ध केला. मोठ्या माणसाचा मान राखावा, पण डोळ्यांना दिसलेले सत्य लपवू नये, हे ते जाणत होते.

आता जेऊरकडे वळू. २२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहण होते. पुणे भागात तेव्हा प्लेगचे दिवस होते. तरीही तयारी थांबली नाही. सूर्य पूर्ण झाकलेला राहणार होता फक्त सुमारे दोन मिनिटे. सूर्याभोवतीच्या पातळ थराचा वर्णपट तर काही सेकंदच चमकून जातो. तेवढ्यात तो टिपायचा! हात चुकला की संधी गेली. कावसजींनी हे वेध घेतले आणि त्यांचा अहवाल १९०२ साली प्रसिद्ध झाला.

आज शास्त्रज्ञ याहूनही लहान क्षण टिपतात. काही पदार्थांतून वीज तांब्याइतकी सहज वाहत नाही, पण अडतही नाही. त्यांना अर्धवाहक म्हणतात. अर्धवाहकावर प्रकाश पडला की एक इलेक्ट्रॉन जागा सोडतो आणि मागे पोकळी राहते. दोघांत ओढ असते. अशा बांधलेल्या जोडीला एक्सायटॉन म्हणतात. ही कल्पना रशियाचे शास्त्रज्ञ फ्रेंकेल यांनी १९३१ साली मांडली. ही जोडी अतिशय अल्पायुषी असते. म्हणून लेसरचे दोन झोत सोडतात. पहिला जोडी निर्माण करतो. दुसऱ्याला किंचित लांबच्या वाटेने आणतात, म्हणून तो जरा उशिरा पोहोचतो आणि त्या जोडीची खबर वर्णपटातून आणतो. हे झोत फेमटोसेकंदांत मोजतात. एक सेकंदाचे एकावर पंधरा शून्ये इतके भाग केले, तर त्यातील एक भाग म्हणजे एक फेमटोसेकंद. या अभ्यासाचा उपयोग सूर्यप्रकाशापासून वीज मिळवणारी साधने सुधारण्यासाठी होतो. ज्या पुण्यात कावसजींनी वेध घेतले, त्याच शहरात आज असे प्रयोग चालतात.

१९१२ साली कावसजी निवृत्त झाले. त्यांची वेधशाळा बंद झाली. यंत्रे दूर कोडाईकनालला गेली. १९३८ साली त्यांचे निधन झाले. दुर्बीण दुसरीकडे नेता येते, पण ती चालवणारी माणसे नव्याने घडवावी लागतात. पुण्याच्या त्या दुर्बिणीपाशी कावसजींची जागा घ्यायला कोणी उरले नाही.

मित्रांनो, ग्रहण दोन मिनिटांचे होते, पण त्यामागची तयारी अनेक वर्षांची होती. यापुढे गाडी जेऊरला थांबली, तर क्षणभर कावसजींची आठवण करा. त्यांची रिकामी राहिलेली जागा कदाचित तुमच्यापैकीच कोणाची वाट पाहत असेल.