आयव्ही ली

आयव्ही लेडबेटर ली (१६ जुलै, १८७७ – ९ नोव्हेंबर, १९३४) हे अमेरिकन पत्रकार आणि आधुनिक जनसंपर्क व्यवसायाच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक होते. जॉर्जिया राज्यात एका मेथडिस्ट धर्मोपदेशकाच्या घरी त्यांचा जन्म झाला. प्रिन्स्टन विद्यापीठाची पदवी मिळवल्यावर त्यांनी न्यू यॉर्कमधील दैनिकांत वार्ताहर म्हणून काम केले. वेळेवर मिळणाऱ्या खात्रीशीर माहितीचे मोल त्यांनी तेथेच जाणले.

१९०६ मध्ये कोळसा खाणमालकांचे काम स्वीकारताना, आपण अचूक माहिती उघडपणे पुरवू, असे त्यांनी वृत्तपत्रांना लेखी कळवले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अटलांटिक सिटीजवळ पेनसिल्व्हेनिया रेल्वेची गाडी पुलावरून पाण्यात कोसळून पन्नासहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. अपघाताची वार्ता दडपण्याची तत्कालीन रेल्वे कंपन्यांची रीत मोडून ली यांनी वार्ताहरांना घटनास्थळी नेले व लेखी निवेदन दिले. ‘न्यू यॉर्क टाइम्स’ने ते जसेच्या तसे छापले. जाहिरातीवर खर्च न करता कंपनीची बाजू वाचकांपर्यंत पोहोचली. हे निवेदन सामान्यतः पहिले प्रसिद्धिपत्रक मानले जाते.

१९१४ मध्ये रॉकफेलर कुटुंबाचे नियंत्रण असलेल्या कंपनीच्या संपकरी खाण कामगारांच्या लडलो (कोलोरॅडो) येथील छावणीवर हल्ला होऊन स्त्रिया व मुलेही मरण पावली. त्यानंतर ली यांनी मालकांच्या वतीने काढलेल्या पत्रकांत कामगार नेत्यांच्या वेतनाचे आकडे फुगवलेले होते. कंपनीने दिलेली माहिती न तपासता छापल्यामुळे, स्वतः घोषित केलेल्या अचूकतेच्या तत्त्वालाच बाध आला आणि त्यांच्यावर कठोर टीका झाली. तरीही वार्ताहरांना माहिती पुरवण्याची त्यांची पद्धत पुढे जगभर रूढ झाली.