राणी एस्तेर

मैत्रिणींनो, जिजामाता, अहल्याबाई, सावित्रीबाई यांच्याविषयी लिहिणाऱ्या, माझ्याहून जाणत्या भगिनी आपल्या मंडळात आहेत. म्हणून यंदाच्या स्मरणिकेसाठी मी परमुलखातली एक राणी निवडली. तिचे नाव एस्तेर. यहुदी लोकांच्या धर्मग्रंथात तिच्या नावाचे एक पुस्तक आहे. ते फार मोठे नाही, अवघे दहा अध्याय. परंतु भ्यालेल्या बाईच्या हातून केवढे काम होऊ शकते, हे मला त्यात दिसले, आणि तेच मी माझ्या साध्या भाषेत सांगणार आहे.

एस्तेर ही पोरकी मुलगी. तिचे यहुदी नाव हदस्सा. हे एका सुवासिक झुडपाचे नाव आहे. आईबाप वारल्यावर तिचा चुलतभाऊ मर्दखय याने तिला पोटच्या मुलीप्रमाणे वाढविले. यांच्या पूर्वजांना बाबेलच्या राजाने यरुशलेमेहून कैद करून नेले होते. पुढे इराणी बादशहांनी बाबेल जिंकले, आणि हे कुटुंब त्या बादशहांच्या शूशन राजधानीत येऊन राहिले. इराणच्या नैर्ऋत्य भागात शूश नावाचे गाव आज आहे, तेच हे शूशन.

त्या वेळी अहश्वेरोश राजा गादीवर होता. इतिहासात ज्याला झर्क्सीस म्हणतात आणि ज्याने इसवी सनापूर्वी ४८६ ते ४६५ पर्यंत राज्य केले, तोच हा, असे बहुतेक विद्वान मानतात. त्याचे राज्य हिंदुस्थानापासून आफ्रिकेतील कूश देशापर्यंत होते आणि त्यात १२७ प्रांत होते, असे पुस्तकात म्हटले आहे. आपला सिंधूकाठचा मुलूख तेव्हा इराणच्या ताब्यात होता, त्यालाच तेथे हिंदुस्थान म्हटले आहे.

एस्तेरच्या आधी वश्ती ही राणी होती. राजाने सरदारांना १८० दिवस आपले वैभव दाखविले आणि शेवटी सात दिवस शहराला मेजवानी दिली. सातव्या दिवशी मद्याच्या भरात त्याने वश्तीला बोलावणे पाठविले. तिचे रूप सर्वांनी पाहावे एवढाच हेतू. तिने येण्याचे नाकारले. तेवढ्यावरून तिचे राणीपद गेले. दरबाऱ्यांना धास्ती पडली की, हे ऐकून घरोघरच्या बायका नवऱ्यांना जुमानणार नाहीत! म्हणून पुरुषाने आपल्या घरात सत्ता चालवावी, असा हुकूम साऱ्या राज्यात निघाला. वश्तीचे पुढे काय झाले हे पुस्तक सांगत नाही. माझ्या मते एस्तेरची आठवण काढताना वश्तीलाही विसरू नये. नाही म्हणण्याची किंमत तिने आधी मोजली.

मग नव्या राणीसाठी राज्यातील सुंदर मुली गोळा केल्या गेल्या. त्यांना कोणी विचारले नाही. बारा महिने त्यांच्या अंगाला तेले, उटणी, सुगंध लावीत आणि मग एकेकीला राजाकडे पाठवीत. एस्तेर त्यांत होती. राजाने तिला पसंत करून तिच्या डोक्यावर मुकुट ठेवला. आपण यहुदी आहोत हे तिने कोणास सांगितले नाही, कारण मर्दखयाची तशी आज्ञा होती. लहानपणी वडीलधाऱ्यांचे ऐकायचे, राजवाड्यात दासदासींचे ऐकायचे. इथपर्यंत एस्तेर दुसऱ्याने सांगावे आणि आपण करावे, अशीच वागली.

पुढे हामान नावाचा एक मनुष्य मुख्य प्रधान झाला. सगळे त्याला वाकून मुजरा करीत, एकटा मर्दखय करीना. हामानाला एका माणसाचा राग आला आणि त्याने सगळी जातच नाहीशी करण्याचे मनात आणले. कोणत्या दिवशी हे करावे यासाठी त्याने चिठ्ठ्या टाकल्या. त्या चिठ्ठीला पूर म्हणत. अदार महिन्याचा तेरावा दिवस निघाला. खजिन्यात दहा हजार किक्कार रुपे भरण्याचे त्याने कबूल केले, आणि राजाने चौकशी न करता आपली मुद्रेची अंगठी काढून दिली. म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट, बायकापोरांसकट यहुदी लोक एका दिवसात मारावेत, असा हुकूम प्रांतोप्रांती गेला.

मर्दखयाने गोणपाट नेसून आक्रोश मांडला आणि एस्तेरला निरोप धाडला की, राजाकडे जाऊन विनवणी कर. येथे मला एस्तेर खरी वाटते, कारण ती एकदम तयार झाली नाही. बोलावल्याशिवाय जो आतल्या चौकात जाईल त्याला मरणाची शिक्षा. राजाने सोन्याचा राजदंड पुढे केला तरच जीव वाचायचा. आणि राजाने तिला तीस दिवसांत बोलाविले नव्हते. वश्तीचे काय झाले हेही तिला ठाऊक असणारच. तिने आपली भीती स्पष्ट कळविली. मर्दखयाने उलट कळविले की, राजवाड्यात आहेस म्हणून तू वाचशील असे समजू नकोस. आणि कदाचित याच वेळेसाठी तुला हे पद मिळाले असेल.

तेव्हा एस्तेरने तीन दिवस मागून घेतले. शूशनमधल्या सर्व यहुद्यांनी आपल्यासाठी तीन दिवस उपास करावा, मी व माझ्या दासीही करू, असे तिने सांगितले. एकटीने धैर्य येत नाही, दहाजणी बरोबर असल्या म्हणजे येते, हे मंडळातल्या बायकांना मी काय सांगावे! यानंतर मर्दखयाने जाऊन तिच्या आज्ञेप्रमाणे सर्व केले, असे पुस्तकात लिहिले आहे. जी आजवर आज्ञा पाळीत होती ती आता आज्ञा देऊ लागली.

तिसऱ्या दिवशी राजवस्त्रे नेसून ती चौकात उभी राहिली. राजाने राजदंड पुढे केला, अर्ध्या राज्यापर्यंत माग म्हणाला. तिने काय मागितले? राजाने व हामानाने माझ्याकडे जेवावयास यावे, एवढेच. जेवणानंतर पुन्हा विचारले, तर म्हणाली, उद्याही या. त्याच रात्री राजाला झोप येईना. त्याने दरबारची बखर वाचून घेतली, तेव्हा मर्दखयाने पूर्वी आपला जीव वाचविला होता आणि त्याला काहीच बक्षीस दिले नाही, हे त्याच्या ध्यानात आले. ज्याच्यासाठी हामानाने पन्नास हात उंच फाशीचा खांब उभारला होता, त्याच मर्दखयाला घोड्यावर बसवून मिरवावे लागले, आणि घोडा धरला हामानाने. दुसऱ्या जेवणाला एस्तेरने तोंड उघडले. मला व माझ्या लोकांना मारण्यासाठी विकले आहे आणि तो वैरी हा हामान, हे तिने त्याच्या समोर सांगितले. इतकी वर्षे झाकलेली आपली जात तिने त्या क्षणी उघड केली. हामान त्याच खांबावर लटकला.

परंतु राजाचा हुकूम मागे घेता येत नसे. एस्तेर पुन्हा न बोलावता गेली, पाया पडून रडली, आणि यहुद्यांनी आपला बचाव करावा असा दुसरा हुकूम मिळविला. ठरल्या दिवशी लढाई झाली. शत्रूंचे ७५ हजार लोक मेले असा आकडा पुस्तकात आहे, आणि शूशनमध्ये आणखी एक दिवस एस्तेरनेच मागून घेतला. हा भाग वाचताना माझे मन थरकते. तो गाळून चरित्र गोड करणे मला बरे वाटले नाही. लूट मात्र त्यांनी केली नाही, असे तेथे तीनदा सांगितले आहे.

इतिहासकार काय म्हणतात? इराणच्या जुन्या लेखांत एस्तेरचे नाव मिळालेले नाही. ग्रीक इतिहासकार हेरोडोटस झर्क्सीसच्या राणीचे नाव अमेस्त्रिस असे देतो. त्यामुळे ही इतिहासाच्या आधाराने रचलेली कथा असावी, असे पुष्कळांचे मत आहे. शूशनचा राजवाडा मात्र खरा. १८८४ ते १८८६ मध्ये द्यूलाफ्वा या फ्रेंच पतिपत्नींनी तो खणला, आणि तेथील रंगीत विटांची चित्रे पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहेत. इराणातील हमदान गावी एस्तेर व मर्दखय यांची म्हणून एक कबर दाखवितात, आणि बाराव्या शतकातील यहुदी प्रवाशाने तिचा उल्लेख केला आहे.

दुसरी नवलाची गोष्ट म्हणजे या हिब्रू पुस्तकात देवाचे नाव एकदाही येत नाही. पुढे ग्रीक भाषेत ते लिहिताना एस्तेरची प्रार्थना घातली गेली. मूळ पुस्तकात माणसेच घाबरतात, ठरवितात आणि करतात.

त्या सुटकेचा सण म्हणजे पुरीम. हा सण पाळावा म्हणून एस्तेरने स्वतः अधिकाराने पत्र लिहिले, असे पुस्तक सांगते. आदल्या दिवशी एस्तेरचा उपास करतात. सणाला तिची पोथी वाचतात, आणि हामानाचे नाव आले की पोरे खुळखुळे वाजवून गोंगाट करतात. शेजाऱ्यांना खाऊची ताटे आणि गरिबांना दान देतात. बायकांनीही पोथी ऐकलीच पाहिजे, कारण त्या सुटकेत त्याही होत्या, असे यहुदी शास्त्रकारांनी ठरविले आहे. आपल्या कोकणातले बेने इस्रायल लोक पूर्वी याला होळीचा सण म्हणत, कारण तो फाल्गुनी पौर्णिमेच्या सुमारास येतो. माझे माहेर ठाण्याचे. शेजारच्या बेने इस्रायल काकूंकडून त्या दिवशी झाकलेले ताट येई, आणि आमच्याकडून दिवाळीचा फराळ जाई. एस्तेरचे नाव मी प्रथम त्यांच्याच तोंडून ऐकले. पुढे त्या मुलांबरोबर इस्रायलला गेल्या.

एस्तेरचा आधार फार जणांनी घेतला. १४९२ साली स्पेनमधून यहुद्यांना हाकलले, आणि १४९७ साली पोर्तुगालात त्यांना बळेच ख्रिस्ती केले. त्यांतले पुष्कळजण मनातून यहुदीच राहिले. त्यांच्या बायका एस्तेरचा उपास गुपचूप करीत. उपासाला ना चूल लागते ना भांडे. शेजाऱ्याला पत्ता लागत नाही. असे नवख्रिस्ती गोव्यातही येऊन राहिले होते. तेथे १५६० साली इन्क्विझिशन आले. हिंदुस्थानच्या औषधी वनस्पतींवर पुस्तक लिहिणारे वैद्य गार्सिया द ओर्ता यांच्या बहिणीला, कातारिनाला, गुप्तपणे यहुदी धर्म पाळल्याच्या आरोपावरून १५६९ साली गोव्यात जाळण्यात आले. तिच्यासाठी कोणी राजदंड पुढे केला नाही.

१९१२ साली न्यूयॉर्कमध्ये हेन्रिएटा झोल्ड या बाईंनी काही स्त्रियांना घेऊन पुरीमच्या सुमारास एक मंडळ स्थापन केले. एस्तेरच्या नावावरून त्याचे नाव हदस्सा पडले. पुढच्याच वर्षी त्यांनी यरुशलेमेला दोन परिचारिका पाठविल्या. त्यातून पुढे मोठी रुग्णालये उभी राहिली. आपल्यासारख्याच दहावीस बायका एका खोलीत बसून झालेली ही सुरुवात होती.

गप्प बसणे हे आपल्याला लहानपणापासून शिकवितात, आणि कित्येकदा त्यात शहाणपणही असते. एस्तेरही गप्प राहिली म्हणून राजवाड्यात टिकली. परंतु गप्प बसण्याने दुसऱ्यांचा जीव जाऊ लागला, तेव्हा तिने तीन दिवस विचार केला, आपल्या माणसांना बरोबर घेतले आणि मग योग्य वेळ पाहून बोलली. मराठी बायबलमध्ये एस्तेर या नावाने हे पुस्तक आहे. दुपारची कामे उरकल्यावर तासाभरात वाचून होते. येत्या फाल्गुनात मंडळाच्या एखाद्या बैठकीत आपण ते मोठ्याने वाचावे, अशी माझी सर्व भगिनींना विनंती आहे.