पत्रकारांच्या बिऱ्हाडाचा कारभारी

संस्थानी काळात कलावंत कारखान्यात निरनिराळ्या घराण्यांचे गवई एकाच दरबाराचे चाकर असत. मैफलीत ते एकमेकांवर मात करू पाहत, आणि पंगतीला मात्र शेजारी बसत. अशा मानी मंडळींना एका छपराखाली नांदवणे हे गाण्याइतकेच कठीण काम आहे, असे माझे वडील मानीत. त्यांचा जन्म दरबारी गवयाच्या नोकरीत गेला, तेव्हा हे त्यांचे अनुभवाचे मत होते. ऑस्ट्रेलियन पत्रकार रिचर्ड ह्यूज यांची हकीकत वाचताना मला त्याची वारंवार आठवण झाली.

ह्यूज यांचा जन्म १९०६ साली मेलबर्नला झाला. आरंभी रेल्वेत नोकरी, मग वृत्तपत्रे, असा त्यांचा प्रवास. १९४० साली ते बातमीदार म्हणून टोकियोला गेले. युद्धकाळात उत्तर आफ्रिकेची आघाडी पाहून १९४५ मध्ये, जपानच्या शरणागतीनंतर, ते पुन्हा तिथे परतले.

तेव्हाचे टोकियो म्हणजे जळून गेलेले शहर. राहायला जागा नाही, अन्नाचा तुटवडा. त्यात जनरल मॅकआर्थर यांच्या मुख्यालयाला परदेशी बातमीदारांची एवढी गर्दी नकोशी झालेली. तेव्हा बातमीदारांनीच एकत्र येऊन मारुनोउची भागात एक इमारत मिळवली आणि १९४५ च्या अखेरीस आपला क्लब थाटला. शिम्बून म्हणजे वर्तमानपत्र. म्हणून पत्ता झाला ‘नंबर १ शिम्बून अ‍ॅली’. तिथेच राहायचे, जेवायचे, आणि तिथूनच बातमीच्या मागावर निघायचे. दिवसभर एकमेकांना चकवणारी ही माणसे रात्री एकाच टेबलाशी येत.

स्वतःच्या वृत्तपत्राची नोकरी सुटल्यावर ह्यूज काही काळ या क्लबचे व्यवस्थापक झाले. धिप्पाड देह, मोठा आवाज, खाण्यापिण्याचा शौक. मित्रांना ते थेट बिशपच्या थाटात संबोधीत आणि आशीर्वादही देत. अशा माणसाभोवती बैठक आपोआप जमते. शेरलॉक होम्सवर त्यांचा अपार लोभ. १९४८ साली टोकियोत होम्सच्या चाहत्यांचे मंडळ निघाले, त्यातही ते पुढे होते. होम्सच्या एका कथेत बारित्सु नावाच्या जपानी कुस्तीचा उल्लेख येतो. त्यावरून मंडळाला तेच नाव मिळाले.

या क्लबचे मोल कळण्यासाठी जपानी पत्रकारांच्या ‘किशा क्लब’शी तुलना करावी. तो प्रत्येक सरकारी खात्याला जोडलेला. बातमी आतल्या सभासदांनाच मिळे, आणि परक्याला कित्येक वर्षे दार बंद. शिम्बून अ‍ॅलीच्या क्लबात पुढाऱ्याला पाहुणा म्हणून बोलावीत, जेवू घालीत आणि मग आडपडदा न ठेवता प्रश्न विचारीत. १९७४ च्या ऑक्टोबरात पंतप्रधान काकुएई तानाका यांना तिथे आपल्या संपत्तीविषयी अशाच प्रश्नांना तोंड द्यावे लागले आणि वर्ष सरण्याआधी त्यांचे पद गेले.

१९५० च्या जूनमध्ये कोरियाचे युद्ध पेटले आणि टोकियोचे बातमीदार आघाडीवर धावले. ह्यूजही गेले. काल शेजारी जेवलेला माणूस आज परत येत नाही, हे त्या टेबलाने पाहिले. त्याच साली १२ ऑगस्टला इयन मॉरिसन आणि ख्रिस्तोफर बक्ली हे दोन ब्रिटिश पत्रकार सुरुंगाच्या स्फोटात मारले गेले. त्याच जीपमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगावरचे आपले कर्नल उन्नी नायर होते, तेही गेले.

ह्यूज तोवर लंडनच्या ‘संडे टाइम्स’चे झाले होते. १९५१ साली ब्रिटनमधून नाहीसे झालेले बर्जेस आणि मॅक्लीन हे दोन मुत्सद्दी १९५६ च्या फेब्रुवारीत मॉस्कोच्या नॅशनल हॉटेलात प्रकट झाले, तेव्हा समोर ह्यूज होते. आयुष्यातली सर्वांत मोठी बातमी हाती आली, पण एकट्याला नव्हे. त्याच खोलीत रॉयटरचा बातमीदारही होता!

पुढे ते हाँगकाँगला स्थायिक झाले. जेम्स बाँडचे जनक इयन फ्लेमिंग यांना १९६२ साली त्यांनी आणि तोराओ साइतो या जपानी पत्रकार मित्राने जपान हिंडवून दाखवला. फ्लेमिंगनी १९६४ च्या कादंबरीत दोघांनाही पात्रे करून टाकले. १९७७ मध्ये जॉन ल कारे यांनीही ह्यूज यांच्यावरून एक वृद्ध बातमीदार रंगवला.

४ जानेवारी १९८४ रोजी ह्यूज हाँगकाँगला निवर्तले. तिथल्या पत्रकार क्लबाच्या बारमध्ये त्यांचा अर्धपुतळा आहे. टोकियोचा क्लब दोन-तीनदा जागा बदलून २०१८ साली पुन्हा मारुनोउचीतच आला.

ह्यूज यांच्या बातम्या जुन्या फायलींत पडून आहेत. त्या शोधून वाचणारे थोडेच. पण स्पर्धेतली माणसे एका टेबलाशी बसवण्याची त्यांची हातोटी दोन शहरांत लोकांच्या ध्यानात राहिली. आपल्याकडे गवयांची नावे आपण सांगतो. त्यांची पंगत सांभाळणाऱ्या कारभाऱ्यांची नावे मात्र आपल्याला ठाऊक नाहीत. जाणत्या घरांतून ती कोणाला आठवत असतील, तर लिहून ठेवावीत.