विल्यम ट्यूक

विल्यम ट्यूक (२४ मार्च, १७३२ – ६ डिसेंबर, १८२२) हे इंग्लंडमधील यॉर्क शहरातील व्यापारी व समाजसुधारक होते. मनोरुग्णांना दयेने वागवणाऱ्या ‘द रिट्रीट’ या संस्थेचे ते संस्थापक होत. बाग, शेत आणि प्राणी यांच्या सहवासाला उपचारात स्थान देणाऱ्या आरंभीच्या संस्थांमध्ये तिची गणना होते.

पार्श्वभूमी

ट्यूक यांचा जन्म यॉर्कमधील एका क्वेकर कुटुंबात झाला. प्रत्येक मनुष्यात ईश्वरी प्रकाश असतो, अशी या ख्रिस्ती पंथाची श्रद्धा आहे. ट्यूक यांनी घराण्याचा चहाचा व्यापार सांभाळला. वैद्यकाचे शिक्षण त्यांनी घेतले नव्हते. त्या काळी मनोरुग्णांना साखळदंडांनी बांधणे, मारहाण करणे व त्यांचे रक्त काढणे हे प्रकार सर्रास चालत. १७९० मध्ये हॅना मिल्स या क्वेकर विधवेचा यॉर्कच्या मनोरुग्णालयात मृत्यू झाला. पंथबांधवांना तिची भेट नाकारण्यात आली होती. या घटनेनंतर ट्यूक यांनी पंथाच्या स्वतंत्र संस्थेचा प्रस्ताव मांडला आणि त्यासाठी निधी जमवला.

द रिट्रीट

१७९६ मध्ये शहराबाहेरील उंचवट्यावर, मोकळ्या शेतजमिनीत ही संस्था सुरू झाली. तुरुंगाची कळा येऊ नये म्हणून खिडक्यांना गज न लावता त्यांच्या लोखंडी चौकटी साध्या लाकडी खिडक्यांसारख्या दिसतील अशा बनवल्या होत्या. रुग्ण बागेत फिरत, बागकाम व शेतीकाम करत. अंगणांत ससे, कोंबड्या, समुद्रपक्षी पाळलेले असत. दुबळ्या जिवांची काळजी घेताना रुग्णांच्या मनात ममता जागी होते, असा अनुभव होता. साखळदंड वर्ज्य होते. मात्र अनावर रुग्णांसाठी पट्ट्यांसारखी बंधने क्वचित वापरली जात.

प्रभाव आणि टीका

ट्यूक यांचे नातू सॅम्युएल ट्यूक यांनी १८१३ मध्ये संस्थेचे वर्णन करणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यामुळे ‘नैतिक उपचार’ म्हणून ओळखली जाणारी ही पद्धत दूरवर पोहोचली. अमेरिकेत फिलाडेल्फियाजवळ १८१७ मध्ये क्वेकरांचे असेच रुग्णालय सुरू झाले. विसाव्या शतकात फ्रेंच विचारवंत मिशेल फूको यांनी या पद्धतीवर टीका केली. त्यांच्या मते, येथे साखळदंडांची जागा अपराधभावाने व सततच्या देखरेखीने घेतली. तरीही आजच्या उद्यानोपचाराच्या आणि प्राणिसाहाय्यित उपचाराच्या इतिहासात ट्यूक यांच्या कार्याचा उल्लेख आवर्जून केला जातो.