न्यायमूर्ति ब्रँडाइस यांची नेमणूक

न्यायाधीश कसा असावा याविषयीं स्मृतिकारांपासून आजच्या कायदेपंडितांपर्यंत सर्वांनीं पुष्कळ लिहून ठेविलें आहे. परंतु तो निवडावा कसा, लोकांच्या डोळ्यांदेखत कीं त्यांच्या पाठीमागें, या प्रश्नाकडे आपलें लक्ष क्वचितच जातें. वस्तुतः हा प्रश्न पहिल्याहून कमी महत्त्वाचा नाहीं. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९१६ सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या एका जागेवरून चार महिने जो झगडा माजला, तो या दृष्टीनें फार बोधप्रद आहे. व तो समजण्यासाठीं ज्यांच्याकरितां तो झाला त्या लुई ब्रँडाइस यांचें चरित्र थोडक्यांत सांगणें अवश्य आहे.

ब्रँडाइस यांचा जन्म १३ नोव्हेंबर १८५६ रोजीं केंटकी संस्थानांतील लुइव्हिल शहरीं झाला. त्यांचे आईबाप १८४८ च्या फसलेल्या क्रांतीनंतर प्राग शहर सोडून अमेरिकेंत आलेले यहुदी. वडील धान्याचे व्यापारी. अठराव्या वर्षीं ब्रँडाइस हार्वर्ड येथील कायद्याच्या विद्यालयांत दाखल झाले. तेथें डोळे अधू झाले, तेव्हां सोबत्यांकडून पुस्तकें वाचवून घेऊन त्यांनीं अभ्यास पुरा केला, आणि १८७७ सालीं वर्गांत पहिले आले. पुढें १८७९ त बोस्टन येथें सॅम्युएल वॉरेन या सहाध्यायाच्या भागींत त्यांनीं वकिली थाटली. प्रत्येक मनुष्यास आपलें खासगी जीवन सुरक्षित राखण्याचा हक्क आहे, हें तत्त्व या दोघांनीं १८९० सालीं एका लेखांत मांडलें. त्या लेखाचा प्रभाव इतका दूरवर पोहोंचला कीं, भारताच्या सर्वोच्च न्यायालयानें २०१७ सालीं खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला, त्या निकालांतही त्याचा विचार झालेला आहे.

वकिलींत संपत्ति मिळाल्यावर ब्रँडाइस यांनीं सार्वजनिक कामें फी न घेतां चालविण्याचा परिपाठ ठेविला. इतकेंच नव्हे, तर अशा कामांत कचेरीचा जो वेळ जाई त्याची भरपाई ते भागीदारांना स्वतःच्या खिशांतून करीत. गरीब मजुरांना विमा कंपन्या नाडीत, म्हणून बचतीच्या बँकांनीं स्वस्त विमा उतरावा असा कायदा त्यांनीं १९०७ त मॅसॅच्युसेट्स येथें करविला. ओरेगन संस्थानानें स्त्री-मजुरांच्या कामाचे तास दहांवर आणले, तो कायदा सर्वोच्च न्यायालयासमोर आला तेव्हां १९०८ सालीं त्यांनीं शंभरांहून अधिक पृष्ठांची कैफियत दाखल केली. तींत पूर्वींचे निकाल थोडे आणि कारखान्यांचे व आरोग्याचे दाखले फार, असा प्रकार होता. न्यायालयानें तो कायदा एकमतानें कायम केला. आगगाडी कंपन्यांनीं १९१० त मालाचे दर वाढवूं मागितले, तेव्हां व्यापाऱ्यांच्या बाजूनें उभे राहून, कारभार सुधारल्यास रोज दहा लक्ष डॉलर वांचतील, असें त्यांनीं हिशेबानें मांडलें. आणि पुढील सालीं ती दरवाढ नामंजूर झाली. न्यू हेवन रेल्वेच्या मक्तेदारीशीं ते वर्षानुवर्षें झगडले. त्याच १९१० त सरकारी जमिनींच्या चौकशींत मागील तारीख घातलेला एक सरकारी कागद त्यांनीं उघडकीस आणला, त्यामुळें अध्यक्ष टॅफ्ट यांच्या कारभाराची मोठी नाचक्की झाली.

असा पुरुष बड्या पेढ्यांना व बड्या पुढाऱ्यांना किती प्रिय असेल हें सांगणें नको! जानेवारी १९१६ मध्यें न्यायमूर्ति लामार वारले आणि २८ तारखेस अध्यक्ष विल्सन यांनीं त्या जागीं ब्रँडाइस यांचें नांव सेनेटकडे धाडलें. त्या न्यायासनावर तोंवर एकही यहुदी बसला नव्हता. बोस्टनमध्यें एकच खळबळ उडाली. हार्वर्ड विद्यापीठाचे अध्यक्ष लॉवेल यांच्यासह ५५ प्रतिष्ठितांनीं विरोधाचा अर्ज केला. वकिलांच्या राष्ट्रीय संघाच्या कित्येक माजी अध्यक्षांनीं हा मनुष्य नालायक असल्याचें लेखी कळविलें. त्यांत खुद्द टॅफ्ट होते. उलट, हार्वर्डच्या कायदे विद्यालयांतील अकरांपैकीं नऊ अध्यापक ब्रँडाइस यांच्या बाजूनें उभे राहिले.

सेनेटच्या उपसमितीनें ९ फेब्रुवारीपासून उघड चौकशी आरंभिली. सर्वोच्च न्यायालयाच्या उमेदवारासंबंधानें अशी जाहीर चौकशी त्या देशांतही पूर्वीं झाली नव्हती. आरोप कोणते? जोडे शिवण्याचीं यंत्रें भाड्यानें देणाऱ्या कंपनीचे ते एकदां वकील होते, आणि मागाहून तिच्याच मक्तेदारीवर उठले. दिवाळ्यांत निघालेल्या एका चामड्याच्या कारखानदारास त्यांनीं सल्ला दिला, पण त्याच्या मालमत्तेचा ताबा सावकारांसाठीं आपल्याच भागीदाराकडे जाऊं दिला, तेव्हां त्यांचा खरा अशील कोण? आणि सर्वांत मोठा आरोप हा कीं, न्यायासनास लागणारी समबुद्धि त्यांच्या ठायीं नाहीं. या शेवटल्या आरोपांतील गोम वाचकांनीं ओळखावी. जन्मभर कंपन्यांचीं वकीलपत्रें घेणाऱ्याची समबुद्धि कोणी तपासीत नाहीं. रयतेची बाजू घेणाऱ्याची मात्र ती लगेच संशयास्पद ठरते!

त्या काळच्या रीतीप्रमाणें ब्रँडाइस स्वतः साक्षीस गेले नाहींत. परंतु एकेका आरोपाची माहिती त्यांनीं आपल्या मित्रांकडे पुरविली, आणि त्यांच्या भागीदारानें समितीसमोर उत्तरें दिलीं. उपसमितीनें तीन विरुद्ध दोन मतांनीं अनुकूल अभिप्राय दिला. २४ मे रोजीं पूर्ण समितीचीं मतें दहा विरुद्ध आठ पडलीं. आणि १ जून १९१६ रोजीं सेनेटनें ४७ विरुद्ध २२ मतांनीं नेमणूक मंजूर केली. मतें बहुतांशीं पक्षवारच पडलीं, हें कबूल केलें पाहिजे.

आतां पुढील चरित्र पाहा. जे टॅफ्ट त्यांस नालायक म्हणत होते तेच १९२१ सालीं सरन्यायाधीश होऊन त्यांच्या शेजारीं बसले, आणि दोघांत सलोखा झाला. पोलिसांनीं टेलिफोन चोरून ऐकणें कायदेशीर आहे, असा निकाल १९२८ त टॅफ्ट यांनीं दिला. ब्रँडाइस यांनीं विरुद्ध मत नोंदविलें, व १९६७ सालीं त्या न्यायालयानें त्याच मताची दिशा स्वीकारली. शत्रूंची भीति अशी खोटी ठरली. परंतु मित्रांच्या अपेक्षाही त्यांनीं बाजूस ठेविल्या. अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या सुधारणांकडे त्यांची सहानुभूति असतांही १९३५ सालीं उद्योगधंद्यांच्या नियंत्रणाचा त्यांचा मुख्य कायदा रद्द करणाऱ्या एकमुखी निकालांत ते सामील झाले, आणि कर्जबाजारी शेतकऱ्यांच्या बचावाचा कायदा घटनाबाह्य ठरविणारा निकाल तर त्यांनीं स्वहस्तें लिहिला. न्यायमूर्तींची संख्या वाढवून न्यायालय आपलेंसें करण्याचा रूझवेल्ट यांचा १९३७ चा बेत फसला, त्यांतही त्यांचा हात होता. ते निर्दोष होते असें आमचें म्हणणें नाहीं: मंदबुद्धि ठरविलेल्यांवर सक्तीनें वंध्यीकरण करण्यास मुभा देणाऱ्या १९२७ च्या निकालास त्यांची संमति होती, व तो डाग पुसतां येत नाहीं. १९३९ सालीं ते निवृत्त झाले आणि ५ ऑक्टोबर १९४१ रोजीं वॉशिंग्टन येथें वारले.

या चरित्रापासून आम्ही काय घ्यावें? उघड चौकशींत सज्जनावर चिखल उडतो, हा आक्षेप खोटा नाहीं; ब्रँडाइस यांच्यावर तो चार महिने उडाला. परंतु बंद दारांआड तोच चिखल कुजबुजीच्या रूपानें उडतो, आणि तेथें उत्तर देण्याची सोय नसते. कुजबुजीस आरोपाचें रूप घ्यावें लागलें कीं तिचा पुरावा मागतां येतो. हाच उघडपणाचा मोठा गुण. आपल्या देशांत १९७३ सालीं तीन ज्येष्ठ न्यायमूर्तींना डावलून सरन्यायाधीश नेमले गेले, १९७७ सालीं न्यायमूर्ति खन्ना डावलले गेले, आणि ही सत्ता सरकारच्या मुठींत असण्याचा धोका सर्वांस कळला. १९९३ च्या निकालानें ती ज्येष्ठ न्यायमूर्तींच्या मंडळाकडे गेली, व तिच्यासाठीं केलेला नवा आयोग न्यायालयानें २०१५ त रद्द ठरविला. ठीक झालें, पण सरकारच्या मुठींतून सुटलेली ही सत्ता लोकांच्या नजरेसमोर आली काय? ज्याचें नांव मागें पडतें त्याचें कारण अजून लोकांस क्वचितच कळतें.

अमेरिकेचीच रीत उचलावी असें आम्ही म्हणत नाहीं. तेथील पक्षभेद येथें आणणें हिताचें नाहीं. मात्र नेमणुकीचीं आणि नकाराचीं कारणें लेखी व जाहीर असावींत, एवढी मागणी वाजवी आहे. एक वाण्याचें दुकानही वहीखात्यावांचून चालत नाहीं. मग ज्या न्यायासनापुढें सर्वांच्या जीविताचा व मालमत्तेचा हिशेब होतो, तेथें बसणारांच्या निवडीची वही तेवढी बंद कां असावी?